आठवा गुरुवार

बरी झालेली असून बरी नाही म्हणायचा गाढवपणा मी एकदा केलाय, आणि फिनेलचा वास आला की तो हमखास आठवतो. हे गेले, घरात बोलायला कुणी उरलं नाही, झोप उडाली. तेव्हा कर्जतच्या दवाखान्यात लोकांच्या मनातलं ऐकून घेणारी, माझ्या लेकीच्या वयाची एक मुलगी बसायची, तिच्याकडे मला आठ गुरुवार जायचं होतं, बरं नाही वाटलं तर पुढेही. पाचव्या गुरुवारपर्यंत मला ढाराढूर झोप लागायला लागली. पण बरं वाटतंय म्हटलं की जाणं बंद होईल, म्हणून साठीतली ही शहाणी तोंड पाडून सांगायची, “नाय गं पोरी, डोळ्याला डोळा नाय लागत.” आठव्या गुरुवारी कळंबहून पहिल्याच एसटीने गेले, फिनेलने नुकत्याच पुसलेल्या व्हरांड्यात बाकावर टेकले आणि तिथेच घोरायला लागले. हलवून उठवलं ते तिनेच. पदराने तोंड पुसत मी म्हटलं, “सापडले ना गं? आता घालवशील मला.” आज हसू येतं, तेव्हा रडूच फुटलं होतं. ती माझ्याशेजारी बाकावर बसली आणि म्हणाली, “मावशी, आजचा तास अजून आपलाच आहे. पुढच्या गुरुवारी तुम्ही कुणाशी बोलणार, ते ठरवूनच उठू या.”