मेकाँगच्या धक्क्यावर अडून बसलेली आई

मंडळी, आज सकाळी लाओसमध्ये आमची आलिशान बोट आईमुळे खोळंबली.

मेकाँग नदीवरची ही छोटी बोट. मोजक्या खोल्या, टॉवेलचेसुद्धा हंस करून ठेवलेले. पण आई धक्क्यावरच उभी! "नदीला हात लावल्याबिगर मी पाय ठेवायची न्हाई."

नव्वदच्या दशकात आम्ही सांगलीजवळच्या हरिपूरहून नावेने कृष्णा ओलांडून आजोळी जायचो. आई आधी पाणी डोळ्यांना लावायची, मगच नावेत चढायची. नावाडीही तोवर थांबायचा. मी पलीकडचा काठ येईपर्यंत हात पाण्यात सोडून बसायचो.

आज मात्र मी चिडलो. "आई, ही काय आपली कृष्णा आहे का?"

तिने माझ्याकडे बघितलंही नाही. बोटीवरच्या मुलीला खुणेनेच सांगून वाडगाभर नदीचं पाणी मागवलं आणि डोळ्यांना लावलं. मग म्हणाली, "सांग हिला, आमी कृष्णेकडची माणसं हाय म्हणावं."

"त्या मुलीला?"

"नदीला रं."

बोट निघाली. मी कठड्यावरून वाकून हात खाली सोडला. पाणी फार खाली होतं.

तुम्ही तुमच्या नदीला शेवटचा हात कधी लावलात?