पहिला घास कडूबाईचा

वालूरच्या शिवारात विजा कडाडायला लागल्या की बाकीच्या बाया गोवऱ्या झाकायला धावत. कडूबाईचे डोळे मात्र चमकत. आता माळावरच्या वारुळांपाशी अळंबी फुटणार! शेळ्या हाकत ती तिकडं जाई आणि पांढरी, लुसलुशीत अळंबी ओटीत भरून आणी. बोकड विकायचा असतो, खायचा नसतो, हा शेळ्यावाल्यांच्या घरचा न्याय. म्हणून अळंबी हेच त्यांचं मटण.

मातीचा कण राहू नये म्हणून ती चार पाण्यांनी धुई, विळीला न लावता हातानंच तोडी. कांदा, लसूण परतून घरचा येसर मसाला टाकला की गल्लीला वास. "नाव कडू, पण हात बघा," असं शेजारची सगुणाबाई म्हणे.

एरवी या घरात बायका शेवटी जेवत. तव्यावरची भाकरी पुरुषांची, टोपल्यातली गार बायकांची. कालवण उरलं तर उरलं, नाहीतर ठेचा. अळंबीच्या दिवशी मात्र उलटी रीत. करणारीनं आधी खायचं, मग घरानं. कडूबाई लग्न होऊन आली त्याच पावसाळ्यात सासूनं, सरजाबाईनं, तिच्यापुढं ताट सारलं होतं, "आजपासून पहिला घास तुझा." नव्या सुनेला केवढा मान! ती हरखूनच गेली. ती चवीनं खाई, नवरा व्यंकटराव भिंतीला टेकून थांबे, पुढं मुलगा बजरंगही थांबायला लागला, आणि बऱ्याच वेळानं त्यांची ताटं मांडली जात. आपल्यासाठी घर थांबतं, याचंच तिला अप्रूप. शेळीच्या डोळ्यांवरून तिचं दुखणं ओळखणाऱ्या बाईला घर का थांबतं हे कसं कळलं नाही म्हणता? मानाची सवय नसली की माणूस कशालाही मान समजतं, दुसरं काय!

गेल्या उन्हाळ्यात बजरंगची बायको भक्ती घरात आली. कडूबाईनं मनाशी ठरवलं, आपल्याला मिळालं ते हिला द्यायचं. यंदा अळंबी आणली तेव्हा तिनं सुनेला शेजारी बसवून सगळं शिकवलं आणि वाफाळतं ताट तिच्यापुढं सारलं.

"घे माय, आजपासून पहिला घास तुझा."

भक्तीनं भाकरी मोडली, तोच बजरंगनं तिचा हात धरला.

"तिला नको. दोन जिवाची हाय ती. एखादी इखारी निघाली तर?"

कडूबाईला आधी उमगलंच नाही. "मंग?"

"मंग काय? तू खा की. दरसाल तूच खातीस."

तो रागानं बोलला नव्हता. सहज बोलला, म्हणूनच ते काळजात घुसलं. इतके पावसाळे हे लोक भिंतीला टेकून कशाची वाट बघत होते, ते तिला आत्ता कळलं. तिला नवऱ्याची किळस आली, आणि स्वतःच्या हरखण्याची त्याहून जास्त.

"बजरंग पोटात होता तवा बी मीच खाल्लं," ती व्यंकटरावाला म्हणाली. "तवा तुमी कामून न्हाई धरला माझा हात?"

"आईनं ठरवलं होतं," व्यंकटराव पुटपुटला. "तुझ्या आदी तीच खायची." मग ताटाकडं बोट करून म्हणाला, "गार व्हायलंय. खा लवकर."

कडूबाईनं ताट ओढलं आणि घास तोंडात घातला. चव लय चांगली उतरली होती. तिघंही तिच्या तोंडाकडं बघत बसले; भक्तीसुद्धा.