गॅरेजमधला ओटा

अमेरिकेत, फ्रिस्कोत, मी घरमालकांच्या असोसिएशन्सची वकील आहे म्हटलं की पार्टीत लोक जरा सरकून बसतात. कामच तसं. कुणाचं कुंपण उंच झालं, कुणाचं गवत वाढलं, की असोसिएशनच्या बोर्डाने सांगायचं आणि मी नोटीस काढायची. यात कुणाचा जीव जात नाही, असं मी घरी छातीठोकपणे सांगत असे.

शेजारच्या कॉलनीची असोसिएशन माझी अशील. संध्याकाळी तिथून फिरायला जाताना नागपूरचे एक काका दिसायचे. मुलाकडे राहायला आले होते. मुलगा-सून दिवसभर कामात, रस्त्यावर चिटपाखरू नाही, म्हणून काकांनी गॅरेजचाच ओटा केला होता. दार वर करून घडीच्या दोन खुर्च्या मांडायचे, एक स्वतःला आणि एक येईल त्याला. कुत्रं फिरवणाऱ्या गोऱ्या आजीही तिथे टेकायच्या, भाषेवाचून दोघांचं छान चालायचं. मला हाक यायची, "या ना वकीलबाई, चहा होऊन राहिला." आलं घातलेला तो चहा मी कितीदा तरी प्यायले.

मग कुणीतरी तक्रार केली. गॅरेजचं दार गाडी आत-बाहेर करण्यापुरतंच उघडायचं, असा कॉलनीचा नियम आहे. बोर्डाच्या अध्यक्षांनी मला विचारलं, "म्हातारा माणूस आहे, सोडून देऊ या का?" मी हो म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. पण काका मराठी आणि मीही मराठी. आपल्या माणसाला सांभाळून घेतलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून मी उगाच ताठ झाले. "एकाला सोडलं तर सगळ्यांना सोडावं लागेल," म्हणाले आणि नोटिशीवर सही केली. फिरायचा रस्ताही बदलला. तोंड चुकवण्यात मी इतकी पटाईत असेन असं वाटलं नव्हतं.

मुलगा ऑफिसला गेला की काका सवयीने दार उघडतच राहिले. दुसरी नोटीस गेली. बोर्डापुढे येऊन बाजू मांडता येते, असं तिच्यात लिहिलेलं असतं. त्या घरातून कुणी आलं नाही. खरं सांगायचं तर मला हायसंच वाटलं.

एका रविवारी काकांचा फोन आला. "परत चाललो. चहा घेऊन जा."

गॅरेज बंद होतं. आत हॉलमध्ये बॅगा भरून ठेवल्या होत्या. काकांनी माझ्या हातात कप दिला. मुलगा इतका वेळ माझ्याकडे बघतही नव्हता, तो एकदम म्हणाला, "मॅडम, बाबा जातायत, आता तरी मॅटर क्लोज होईल ना? आमचं ग्रीन कार्ड पेंडिंग आहे. लीगल नोटीस रेकॉर्डवर गेली तर प्रॉब्लेम होईल, म्हणून मी तिकीट प्रीपोन केलं."

"अहो, याचा ग्रीन कार्डशी काही संबंधच नाही," मी म्हणाले.

मुलगा खालीच बसला. काकांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मग मी काहून चाललो, वकीलबाई?"

माझं नाव स्वच्छ राहावं म्हणून. हे उत्तर मला माहीत होतं. मी मान खाली घालून चहा संपवला.