मुलगी आहे, काळजी नको

डोंबिवली-ठाण्यातल्या बऱ्याच आया वैशाली शेजवळला ओळखतात. मानपाडा रोडला राहणारी वैशाली पूर्वी औषधांच्या कंपनीत पॅकिंगची सुपरवायझर होती. धाकटा प्रज्वल अडीच वर्षांचा झाला तरी बोलेना, हाक मारली तर वळेना, फिरत्या पंख्याकडे बघत बसून राही. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितलं. नवरा महेंद्र वीज मंडळात, त्याच्या पाळ्या चुकणाऱ्या नव्हत्या. मग वैशालीने नोकरी सोडली. ठाण्याच्या थेरपी सेंटरला नेणं-आणणं, घरी सराव घेणं, सगळं तिने एकटीने केलं, आणि इतकं मन लावून केलं की पुढे सेंटरवाले नव्या पालकांना धीर द्यायला तिलाच बसवू लागले.

थोरली प्रियांका या सगळ्यात बाजूला असायची. तिचा काही त्रास नव्हता. पाण्याची बाटली भरायची, रिक्षात भावाचा हात धरून बसायची. "माझी पोरगी फार समजूतदार," वैशाली सगळ्यांना सांगायची. नव्या कपड्याचं लेबल कापल्याशिवाय प्रियांका तो घालत नसे. डब्यात कायम बटाट्याचीच भाजी लागे. शाळेतून आली की दप्तरासकट दाराच्या मागे जाऊन बराच वेळ उभी राही. थकत असेल बिचारी, असं वैशालीला वाटायचं. भावना नावाची एकच मैत्रीण होती तिला. प्रियांका तिच्यासारखी हसायची, तिच्यासारखी मान वळवायची, अक्षरसुद्धा तिच्यासारखं काढायची. वैशालीला त्याचं कौतुक होतं.

एकदा मात्र तिने सेंटरच्या सरांना विचारलं, हिलाही तसलंच काही नसेल ना?

सर हसले. "अहो, मुलींचा मेंदूच वेगळा असतो. माणसं ओळखणं, बोलणं त्यांना उपजत येतं. हे सगळं मुलग्यांचं. ती डोळ्यांत बघून बोलते ना? मग झालं तर."

वैशालीला हायसं वाटलं. तिला तेच ऐकायचं होतं. आणखी एका मुलासाठी तिच्यात ताकद उरली नव्हती.

मग ती स्वतःही तेच सांगू लागली. कोलशेतची मंजुळा भोईर आपल्या चार वर्षांच्या समृद्धीला घेऊन सेंटरच्या बाकावर बसली होती. पोरगी बोलायची, पण एकच गोष्ट पुन्हा पुन्हा, आणि घरात मिक्सर लावला की किंचाळत सुटायची. वैशालीने तिला नाव विचारलं. पोरगी गोड हसली.

"मुलगी आहे, काळजी नको," वैशाली म्हणाली. "वयाबरोबर सुधारेल. उगाच शिक्का लावून घेऊ नकोस."

मंजुळाने तिचा हात दाबला आणि पोरीला आत कुणालाही न दाखवताच घेऊन घरी गेली.

प्रियांका नववीत असताना कल्याणला पुतण्याचं लग्न होतं. हॉलमध्ये डीजे सुरू झाला आणि ती दिसेनाशी झाली. बाथरूममध्ये कानांवर हात दाबून जमिनीवर बसलेली सापडली. नवी साडी ओली करत वैशालीने तिला ओढून उठवलं आणि थोबाडीत दिली. "घरात एक आहे तो कमी आहे का? तू पण नाटकं करतेस?" प्रियांका उठली, तोंड धुतलं आणि बाहेर येऊन सगळ्यांबरोबर नाचली.

विसाव्या वर्षी तिला एका कॉल सेंटरमध्ये नोकरी लागली. थोड्याच दिवसांत ती अंथरुणातून उठेनाशी झाली. आंघोळ नाही, बोलणं नाही. गोळ्या झाल्या, उपयोग होईना. शेवटी ठाण्यातल्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे नेलं. त्यांनी नोकरीचं फार विचारलंच नाही. लहानपणाचं विचारलं. लेबलं, बटाट्याची भाजी, दारामागे उभं राहणं, एकेक सांगताना वैशालीचा आवाज बारीक होत गेला. प्रश्न कुठे चाललेत ते तिला कळत होतं. हेच प्रश्न तिने स्वतः किती आयांना विचारले होते.

काही भेटींनंतर बाई म्हणाल्या, "प्रियांका ऑटिस्टिक आहे. ती वर्षानुवर्षं ते झाकत आली, त्यात ती पार दमून गेली आहे."

"पण ती डोळ्यांत बघून बोलते!" वैशाली म्हणाली.

"मी डोळ्यांत नाही बघत, आई," प्रियांका म्हणाली. "भुवयांच्या मधे बघते. तू प्रज्वलला शिकवत होतीस ना, तेव्हा मी शिकलेली. हसऱ्या चेहऱ्याची, रागावलेल्या चेहऱ्याची कार्डं दाखवायचीस. त्याला नाही जमलं. मला जमलं."

पुढचं बाई सांगत होत्या ते वैशालीला तुकड्या-तुकड्यांनी ऐकू आलं. सुरुवातीचा बहुतेक अभ्यास मुलग्यांवर झाला, लक्षणं त्यांच्याकडे बघून ठरली, म्हणून नक्कल करून निभावणाऱ्या मुली सुटत राहिल्या. "बायकांच्या आणि पुरुषांच्या मेंदूत सरासरी काढली तर काही फरक दिसतात," बाई म्हणाल्या. "पण त्यावरून समोरच्या एका पोरीबद्दल काही सांगता येत नाही. तिलाच नीट बघावं लागतं."

तिलाच नीट बघावं लागतं. बाईंनी टोमणा मारला नव्हता, पण वैशालीला तो बसला. चौदा-पंधरा वर्षं ती मुलांकडे बघायचंच काम करत होती.

घरी आल्यावर तिने प्रियांकाची माफी मागितली. लग्नात थोबाडीत मारल्याची आणि बाकीच्या सगळ्याची. प्रियांका विचारात पडली.

"माफी मागितली की मी काय बोलायचं असतं?"

"काहीच नको बोलूस."

"बरं," म्हणून ती आत गेली. नंतर महेंद्रने समजूत घालायचा प्रयत्न केला. "तुला सेंटरच्या सरांनीच सांगितलेलं ना? तुझी काय चूक?" पण सरांनी एकदा सांगितलं होतं, आणि मंजुळाला सांगणारी ती स्वतः होती.

आठवड्याने ती कोलशेतला गेली. समृद्धी आता दहा वर्षांची. शाळेत तिला कुणी खेळायला घेत नव्हतं आणि ती स्वतःचे केस उपटायची. वैशालीने सगळं सांगितलं, न थांबता, काही न झाकता.

"ताई, तुमी बोललात म्हणून मी परत कुणाला विचारलं नाय," मंजुळा म्हणाली. "सासू मारायची तिला. मी पण मारलं."

चहा झाला नाही. मंजुळा दारापर्यंतही आली नाही. वैशाली बाहेर येऊन बराच वेळ नाक्यावर रिक्षा न थांबवता उभी राहिली.

मंजुळाचा फोन महिन्याने आला. तिने फक्त बाईंचा नंबर मागितला. तपासणीच्या दिवशी वैशाली न बोलावताच तिथे जाऊन बसली. मंजुळा तिच्याशी बोलली नाही, पण आत जाताना तिने पिशवी तिच्याजवळ ठेवली.

प्रियांका आता एका लॅबसाठी घरूनच रिपोर्ट टाइप करते. नातेवाइकांच्या कार्यांना येत नाही, आणि वैशाली तिच्या वतीने कारणंही सांगत नाही. सेंटरमध्ये वैशाली अजून जाते. सरांशी तिचं दोनदा कडाक्याचं भांडण झालं. कुणी मुलाबरोबर त्याच्या बहिणीलाही घेऊन आलं, तर ती आधी तिच्याजवळ जाऊन बसते. रात्री झोप मात्र तिला पूर्वीसारखी लागत नाही.