अर्ध्या हातांचा आशीर्वाद

अर्ध्यावर थांबलेल्या हातांनी दिलेला आशीर्वाद मंडळीपर्यंत पूर्ण पोहोचतो का, या प्रश्नाचे उत्तर मला आजवर देता आलेले नाही. आमचे पाळक उपासनेच्या शेवटी दोन्ही हात उचलत, आणि ते खांद्यापाशीच थबकत. मंडळी याला विनय मानीत असे. खरे कारण एकाच माणसाला ठाऊक होते, आणि तो शेवटच्या बाकावर घाम पुसत बसलेला असे.

तो माणूस म्हणजे शिंपीमामा. नात्याने ते कुणाचेच मामा नव्हते. त्यांनी सगळ्या गल्लीला मामा बनवले, तेव्हा ती पदवी उलटून त्यांच्याकडेच आली. तीन मीटर लागेल तिथे ते सव्वातीन मागत आणि पावणेतीनात बेतत. घरातले पडदे, उश्यांचे अभ्रे, सारे असेच उरलेल्यातून झालेले. पाळकांच्या काळ्या झग्यातून तर मामींचे जाकीट निघाले. कापड इतके उंची होते की मामांचा मोह जरा सैल सुटला, आणि झग्याच्या काखा तेवढ्याच आवळल्या.

चर्चमध्ये ते पहिल्यांदा गेले ते धंद्यापोटी, झगा पाठीवर कसा पडतो ते पाहायला. थबकलेले हात पाहताच काखांत किती कापड मारले ते त्यांना कळले. दुसऱ्या रविवारी शिवण उसवेल या धास्तीने गेले. तिसऱ्या रविवारी मात्र उपदेश कानांवर पडला: विटलेल्या वस्त्राला नवे ठिगळ लावून भागत नाही, माणसाने नवेच व्हावे लागते.

"सांगणाऱ्याला शिवणातलं कळतं हं," मामा घरी येऊन म्हणाले.

मग वर्षभर ते जात राहिले. कापड बेतताना येशूचे नाव त्यांच्या ओठांवर येऊ लागले, आणि एके दिवशी त्यांनी बाप्तिस्मा मागितला. मागणी करून बाहेर पडताच त्यांना उमगले की ते आवळलेले हात आता आपल्याच डोक्यावर यायचे आहेत.

"अगं, तुझं जाकीट दे. बाह्या उसवतो."

"का म्हणून?"

"कापड पाळकांचं आहे."

"बाप्तिस्मा तुमचा आणि बाह्या माझ्या? तुमच्या पापाला माझेच दंड सापडले का?"

"चोरी अंगावर ठेवून त्यांच्यासमोर उभा कसा राहू?"

"वीस वर्षं राहिलातच की गिऱ्हाइकांसमोर!" मग मामींचा आवाज उतरला. "अहो, पण हे ऐकून त्यांनी बाप्तिस्माच नाकारला तर?"

"नाकारू देत. खोटा घेऊन काय करू?"

मामींनी जाकीट काढून त्यांच्या अंगावर फेकले. "कॉलरला हात लावाल तर याद राखा!"

पाळकांच्या घरी मामा खुर्चीत टेकलेसुद्धा नाहीत. "पाळकसाहेब, तुमचे हात वर जात नाहीत, ते माझ्यामुळे. झग्याचं कापड मी मारलं."

पाळकांनी आपल्या पोटावरून हात फिरवला. "म्हणजे मी जाड झालेलो नाही?"

"नाही हो. काखाच आवळल्यात."

"अरे भल्या माणसा, वर्ष झालं, मी साखर सोडलीय!" त्यांनी आत वळून हाक मारली, "अगं, ऐकलंस का? चहात साखर घाल. दोन चमचे!"

मामांचा जीव टांगणीला लागलेला. "आणि माझा बाप्तिस्मा?"

"रविवारी. झगा शनिवारी. आणि मामा, या खेपेला जरा सैल हाताने."

रविवारी मामी बिनबाह्यांच्या जाकिटात, ताठ मानेने, दुसऱ्या बाकावर बसल्या. मामांच्या डोक्यावर पाणी घालून झाले आणि पाळकांचे हात वर गेले. इतके वर, की पेटीवाल्याचा सूर चुकला आणि एका आजीबाईंनी पाळकांना गर्व चढल्याचे शेजारणीच्या कानात सांगितले. मामांच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होते. त्यांनी ते पुसले नाही.

त्यानंतर ते उरलेला कपटा न् कपटा पुडीत बांधून परत देऊ लागले. "उरलंच कसं? आखूड शिवलंत वाटतं!" असे म्हणत गिऱ्हाइके दुकानातच टेप मागत.

१९९१ साली पाळक निवृत्त झाले. झगा नव्या पाळकांना बसला, काखांतल्या दोन ठिगळांसकट.