दाबून धरलेला ठसका

खरं सांगायचं तर त्या दिवसांत माझा देवीवर राग होता. आमचं सगळं घर मिरचीवर उभं. नंदुरबारला पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या मैदानावर, लाल मिरची वाळत टाकायची, देठ खुडायचे, पोती भरायची, यात माझी तीस वर्षं गेली आणि छातीत दमा येऊन बसला. नवस झाले, उपास झाले, तोंडातून ओढायचा औषधाचा पंप सुटेना. शिक्षिका असलेली माझी सून एका शिबिरातून चिगोंग नावाचा चिनी व्यायाम शिकून आली. गुडघे सैल सोडायचे, तळवे हळूहळू छातीपर्यंत उचलायचे, मग श्वास सोडत खाली आणायचे. डॉक्टर म्हणाले, औषधं चालू ठेवून खुशाल करा. मी मात्र कुरकुरायची. देवापुढे हात जोडायचे सोडून हवेत काय हलवायचे, अगं बाई! ती रोज म्हणायची, "आई, घाई करू नका. आधी श्वास पूर्ण बाहेर जाऊ द्या." पण माझा स्वभाव उतावळा. पाच मिनिटांचं मी दोन मिनिटांत उरकायची.

माझ्या थोरल्या नणंदेला, अक्काला, हे चिनी प्रकरण पसंत नव्हतं. तिच्या मते मला दृष्ट लागली होती. एका दुपारी सून शाळेत, बाकीचे पथारीवर. अक्कानं दारखिडक्या लावल्या, मला पाटावर बसवलं, मीठ-मिरच्या उतरवून निखाऱ्यावर टाकल्या. मिरची जळूनही ठसका लागला नाही, तर दृष्ट भारी, असं आमच्याकडे समजतात. आणि मी काय केलं? म्हातारी एवढ्या मायेनं करतेय, तिचा विरस नको, म्हणून श्वास रोखून ठसका दाबून धरला! अक्का हरखली. "दखा, ठसका बी नही लागना! केवढी मोठी दीट लागेल शे तुले!" म्हणत तिनं आणखी मूठभर मिरच्या टाकल्या.

मग छाती बंदच झाली. मी तोंड उघडून हवा ओढत होते आणि आत धूरच जात होता. अक्काही खोकत, रडत पंप शोधत होती. डोळ्यांत पाणी, तिला काही दिसेना. माझ्या बोटांत मुंग्या आल्या. आता संपलं, असं मला स्पष्ट वाटलं, आणि मला फार भीती वाटली.

तेवढ्यात दार ढकललं गेलं. नवापूरकडच्या डोंगरातली एक बाई, देठ खुडायच्या कामासाठी पथारीचा पत्ता विचारत आली होती. तिनं मला काखेत धरून ओसरीवर ओढत आणलं, समोर बसली, माझे दोन्ही हात धरून हळूहळू खाली आणले. म्हणाली, "ओढू नको, बाई. आधी बाहेर सोड." मी हबकलेच. रोज सून तेच सांगत होती. हात पुन्हा वर, पुन्हा खाली. ओठ आवळून मी थोडासा श्वास सोडला. मग आणखी थोडा. किती वेळ गेला कोण जाणे, पण एक बारीकसा श्वास आपोआप आत आला. तोवर अक्काला पंप सापडला. रिक्षातून दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला, संध्याकाळपर्यंत मी बोलायला लागले.

ओसरीपुढे शेजारपाजारचे जमले होते, त्या गर्दीत ती बाई निघून गेली. पथारीवर विचारलं, कोणाला ठाऊक नाही. तिला कुणी शिकवलं, देवीनं पाठवलं की कामाच्या गरजेनं, यावर मी वाद घालत नाही. अक्का दोन दिवस जेवली नाही. शेवटी मीच ताट घेऊन तिच्यापुढे बसले. म्हटलं, "अक्का, चूक मन्ही बी शे. जेव आते." दोघी रडलो.

जन्मभर मी देवीपुढे मागण्यांची यादी वाचली. त्या ओसरीवर मागायला श्वासच नव्हता. होता तेवढाही मी सोडून दिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा न मागता मला मिळालं.