माथुर सरांच्या लॅबमधला कापूस

एका लॅबमध्ये सहा वर्षं काढली की डिग्री एक मिळते आणि किस्से पोतंभर. डिग्री फ्रेम करून भिंतीवर टांगता येते. किस्से कुठे टांगणार? ते मग असे चारचौघांत बाहेर पडतात.

नवऱ्याची विमा कंपनीतून जयपूरला बदली झाली, तेव्हा मीही यवतमाळ सोडलं आणि इथे माथुर सरांकडे पीएचडीला लागले. विषय होता कापसाच्या धाग्याच्या वाढीत जीन्सचं काम. सोपं करून सांगते. कापसाचा एकेक धागा म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी. फूल उमलतं त्या दिवशी ती फुगायला लागते, मग तीनेक आठवडे नुसती लांब होत राहते, मग आतून जाड होते. यात कोणत्या दिवशी कोणता जीन चालू होतो आणि कोणता बंद, एवढंच शोधायचं. बस्स. सहा वर्षं!

*

आमच्या घरमालकीणबाईंनी पहिल्याच महिन्यात कॉलनीभर सांगून टाकलं, की वरच्या मजल्यावर रुईची, म्हणजे कापसाची, डॉक्टर राहायला आली आहे. थंडी पडताच त्या त्यांची जुनी रजई घेऊन जिना चढून आल्या.

"बेटा, इसमें गाँठें क्यों पड़ती हैं?"

मी त्यांना खुर्ची दिली आणि पेशी, जीन, प्रथिन असं सगळं अर्धा तास समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. चहाही घेतला.

"ठीक है," त्या उठत म्हणाल्या, "पर गाँठें क्यों पड़ती हैं?"

दुसऱ्या दिवशी हे मी सरांना सांगितलं. वाटलं, हसतील. सरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "व्हायवा में यही सवाल आ गया तो?"

*

कापसातून आरएनए काढणं म्हणजे शिक्षा आहे. जीन चालू आहे की नाही हे त्यावरूनच कळतं, पण कापसात अशी काही द्रव्यं असतात, की पेशी फुटली रे फुटली की सगळा माल चहासारखा तपकिरी होतो. मी आणि माझ्याबरोबरची विनीता, आम्ही चार महिने रोज एकेक ट्यूब तपकिरी करत होतो. सर यायचे, ट्यूब उजेडात धरायचे आणि विचारायचे, "अदरक डाला है?"

एके दिवशी विनीता किंचाळलीच. तिची ट्यूब काचेसारखी स्वच्छ! सगळा मजला गोळा झाला. शेजारच्या लॅबवाल्यांनी रेसिपी लिहून घेतली. मग ट्यूब मशीनवर लावली. आरएनएचा आकडा शून्य. पुन्हा लावली. शून्य.

विनीता कापूस टाकायला विसरली होती.

सरांनी ट्यूब उजेडात धरली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "प्युरिटी तो माननी पड़ेगी."

*

आमचा प्लॉट शहराबाहेर, कानोत्याच्या बाजूला होता. तिथे एक काम रोजचं. ज्या दिवशी फूल उमलेल त्या दिवशी त्याच्या देठाला दोरा बांधून तारखेची चिठ्ठी लावायची, म्हणजे पुढे बोंड नेमकं किती दिवसांचं ते कळतं. फूल पहिल्या दिवशी पांढरट, दुसऱ्या दिवशी गुलाबी. त्यामुळे सकाळ चुकवून चालायचं नाही.

एकदा एका झाडाला चिठ्ठीच्या शेजारी लाल नाडा बांधलेला दिसला. प्लॉट सांभाळायला भंवरलालजी होते, निवृत्तीला आलेले. त्यांना विचारलं. म्हणाले, गावातल्या एक बाई येऊन नवस बोलून गेल्या. मुलगा गोपालपुऱ्याला कोचिंगला आहे, तिसऱ्यांदा परीक्षा देतोय.

"भंवरलालजी, आपने मना नहीं किया?"

"कैसे मना करता, मैडम? हाथ जोड़कर धागे तो आप लोग रोज़ बाँधते हो."

हात आम्ही जोडत नव्हतो. वाकून काम करताना लांबून तसं दिसत असेल. सरांनी नाडा काढू दिला नाही. फक्त त्यावर तारीख घालायला लावली. पुढे मुलगा खरंच पास झाला आणि बाई पेढ्यांचा डबा घेऊन लॅबमध्ये आल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. सरांनी उभं राहून पेढा घेतला आणि मुलाचं नाव, गाव, सगळं आपुलकीने विचारलं. त्या गेल्यावर आमच्याकडे वळून म्हणाले, "रिज़ल्ट अच्छा है. पर सैंपल एक ही है."

*

विनीताला बघायला मंडळी आली तेव्हाची गोष्ट. मुलाच्या वडिलांचा सांगानेरला कापडाचा धंदा.

"बिटिया क्या करती है?"

"कॉटन के जीन्स पर काम करती है," विनीताचे वडील अभिमानाने म्हणाले.

मुलाचे वडील एकदम सरसावून बसले. "अरे वाह! साइज़ क्या है?"

विनीताला वाटलं, माणूस विषयातला दिसतोय. तिने आपल्या जीनची खरी लांबी सांगितली, "जी, करीब नौ सौ बेस पेयर."

"नौ सौ पेयर!" ते बायकोकडे वळून म्हणाले, "होलसेल है!"

लग्न ठरलं. आता सुखाने नांदतेय. सासऱ्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही.

*

आमच्याकडे एक जात होती, जिच्या सरकीवर कापूस येतच नाही. बोंड फुटलं की आत नुसत्या काळ्या गुळगुळीत बिया. आमच्यासाठी ती सोन्याची. कारण धागा का येतो हे कळायला तो न येणारं झाड शेजारी लागतं. सिव्हिल लाइन्समधले एक मोठे अधिकारी पाहणीला आले आणि नेमके त्याच वाफ्यापाशी थांबले.

"मतलब आप पाँच साल से बिना कपास का कपास उगा रहे हैं?"

पुढच्या वर्षीची ग्रँट त्यांच्याच सहीवर होती.

"जी सर," माथुर सर नम्रपणे म्हणाले, "और बड़ी मेहनत से."

*

शेवटचं वर्ष. लांब धाग्याच्या आणि आखूड धाग्याच्या कापसाचा संकर करून त्याच्या पुढच्या पिढीची वीस झाडं आम्ही वाढवली होती. आमचा दावा असा, की ज्या झाडात आमच्या जीनचा एक ठरावीक प्रकार असेल त्याचा धागा लांब, नसेल त्याचा आखूड. एकोणीस झाडांनी ऐकलं. चौदा नंबरने नाही. त्याच्या पानातला डीएनए म्हणत होता आखूड, आणि पाकिटातला धागा निघाला चांगला लांब. मशीनवर तीनदा मोजला.

"जब तक ये चौदह नंबर है, थीसिस नहीं जाएगी," सर म्हणाले. मी दोन दिवस धड जेवले नाही.

त्याच आठवड्यात माझे बाबा जयपूरला आले होते. बाबा यवतमाळकडे कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. तीस वर्षं कापूस चिमटीत घेऊन प्रत सांगायची, हेच काम. घरी बसून कंटाळले म्हणून त्यांना लॅब दाखवायला आणलं. टेबलावर वीस पाकिटं मांडलेली. बाबांचा हात आपोआप गेला. एकेका पाकिटातला पुंजका घ्यायचे, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचे, बघायचे, परत ठेवायचे.

"हे दोन कायले येगळे ठेवले? एकाच झाडाचे आहेत ना."

पाहते तर नऊ आणि चौदा!

"नाही हो बाबा, वेगळ्या झाडांचे आहेत."

"असंन," बाबा म्हणाले आणि खिडकीतून बाहेर बघू लागले.

सर ऐकत होते. त्यांनी सगळे पुंजके काढले, नंबर झाकले, क्रम बदलला आणि बाबांना पुन्हा विनंती केली. बाबांनी पुन्हा तेच दोन बाजूला काढले. संध्याकाळी मला फक्त म्हणाले, "दोनों पैकेट की सरकी के छिलके से डीएनए निकालो."

बाबा गावी परतल्यावर निकाल आला. दोन्हींच्या डीएनएचे पट्टे हुबेहूब सारखे. तशीच प्लॉटवर धावले. खरं चौदा नंबर कडेला बोंडांसकट उभं होतं. कुणी वेचलंच नव्हतं. नऊ नंबर दोनदा वेचलं गेलं होतं, आणि पाकिटावरचं अक्षर माझं! चौदाचा धागा मोजला. आखूड. वीसपैकी वीस!

सरांनी माझ्याकडून नंबर घेऊन स्वतः यवतमाळला फोन लावला. स्पीकर चालू ठेवला. डीएनए कसा काढला, जेलवर त्याचे पट्टे कसे पाडले, ते कसे जुळले, सगळं सविस्तर सांगितलं. शेवटी म्हणाले, "अंकलजी, आप बिल्कुल सही थे."



"अच्छा," पलीकडून बाबा म्हणाले. "चलो, मतलब मशीन आपकी बराबर है."